आपत्ती व्यवस्थापनाचा पेपर वस्तीपर्यंत नेताना

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये लोक झोपेत असतानाच पाणी घरात शिरलं. त्याच सत्रात आमच्या स्वायत्त महाविद्यालयात आपत्ती व्यवस्थापन हा विषय शिकवला जात होता. प्रश्नपत्रिकेत त्सुनामीची कारणं विचारलेली होती. नाग नदीचं नाव मात्र अख्ख्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हतं.

तो अभ्यासक्रम बदलायला ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरुवात झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये पहिली तुकडी पूर्ण करून बाहेर पडली. म्हणजे दीड वर्ष. यात काय केलं, कुठे अडलं, किती खर्च आला ते क्रमानं लिहीत आहे. अमरावती, चंद्रपूर, गोंदिया अशा ठिकाणी हेच काम हाती घेणाऱ्या प्राध्यापकांचे निदान काही महिने वाचावेत, एवढ्यासाठी.

पहिलं काम अगदी साधं होतं. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका टेबलावर मांडल्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे एकच शेरा लिहिला: हे उत्तर येणारा मुलगा घरात पाणी शिरत असताना शेजाऱ्याच्या काही उपयोगी पडेल का? जवळपास सगळीकडे ‘नाही’ आलं. ‘आपत्तीची व्याख्या लिहा’, ‘व्यवस्थापनाचे टप्पे स्पष्ट करा’ यावर गाइड वाचून पूर्ण गुण मिळत होते. तिथेच ठरलं की आधी परीक्षा लिहायची आणि धडे मागून. परीक्षा तीच ठेवून नुसती प्रकरणं बदलली तर वर्गात काहीच बदलत नाही. मुलं आणि शिक्षक, दोघंही जे विचारलं जातं तेवढंच करतात.

दुसरं काम श्रेयांकांची (क्रेडिटची) जागा शोधण्याचं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मूल्यवर्धित अभ्यासक्रमाला २ श्रेयांक मिळतात आणि क्षेत्र प्रकल्प किंवा समुदाय सहभागासाठी वेगळे श्रेयांक असतात. एका श्रेयांकाला तासिकेचे १५ तास, प्रात्यक्षिकाचे ३०. आम्ही मूल्यवर्धित विषयाचा एक श्रेयांक तासिकांना आणि एक प्रात्यक्षिकाला दिला, आणि पुढच्या सत्रातले समुदाय सहभागाचे २ श्रेयांक, म्हणजे ६० तास, वस्तीत जाऊन करायच्या कामाला जोडले. दोन्ही भाग एकमेकांना बांधलेले असावेत. नाहीतर पहिल्या सत्रात शिकलेलं दुसऱ्या सत्रात वाऱ्यावर जातं.

नागपूरला नेमके कोणते धोके आहेत, यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. जुन्या अभ्यासक्रमात भूकंपाला आठ तास होते. भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक, क्रमांक आयएस १८९३, याच्या २०१६ च्या आवृत्तीत नागपूर सर्वांत कमी तीव्रतेच्या, म्हणजे विभाग २ मध्ये येतं. भूकंप काढून टाकला नाही, एका तासावर आणला. मोकळे झालेले तास ऊन, नदी-नाले, वीज, गर्दी आणि कारखाने यांच्यात वाटले.

उन्हाला सर्वांत जास्त वेळ दिला. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल तर उष्णतेची लाट म्हणतात, आणि ४५ अंश गाठले की सरासरी न बघताही लाटच. हे आकडे मुलं लगेच पाठ करतात. शिकवावा लागतो तो क्रम: उष्माघाताच्या रुग्णाला आधी गार करायचं, मग हलवायचं. मान, काखा आणि जांघांवर ओला गार कपडा, अंगावर पाणी आणि वारा, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नाही. ‘आधी पाणी पाजा’ ही सवय इतकी खोल आहे की प्रात्यक्षिकात दहापैकी सात-आठ हात आधी ग्लासाकडेच जातात.

उन्हाच्याच प्रकरणात ३० मे २०२४ चा प्रसंग घेतला. त्या दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर तब्बल ५६ अंशांची नोंद झाली, ती देशभर फिरली आणि नंतर हवामान विभागानं संवेदक बिघडल्याचं सांगितलं. आलेला आकडा पुढे ढकलण्याआधी शेजारच्या केंद्राचा आकडा बघायचा, हे शिकवायला याहून जवळचं उदाहरण नाही. इथेच आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चं कलम ५४ येतं. घबराट पसरवणारा खोटा इशारा देणं हा गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

पावसाच्या आकड्यांतही एक मेख आहे. हवामान विभाग २४ तासांतल्या ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला एकाच वर्गात टाकतो. शंभर मिलिमीटर दिवसभरात पडले काय आणि चार तासांत पडले काय, वर्ग तोच. नाल्याला मात्र ते दोन वेगळे पाऊस असतात. म्हणून मुलांना इशाऱ्याच्या रंगासोबत तासाचा पाऊस बघायला शिकवलं. नदीच्या महापुरासाठी मोवाडचं उदाहरण घेतलं. नरखेड तालुक्यातल्या या गावात ३० जुलै १९९१ ला वर्धा नदी घुसली, आणि तिथली जुनी माणसं आजही ती रात्र तासातासानं सांगतात. गर्दीसाठी नागपूरला बाहेरचं उदाहरण लागत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ च्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधव गेले. दुसरीकडे दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात आणि सुखरूप परत जातात. दोन्ही प्रसंग समोरासमोर ठेवून येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा कागदावर काढायच्या, असा तास ठेवला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पत्रव्यवहार सुरू झाला. जिल्हाधिकारी कार्यालयातला आपत्ती व्यवस्थापन कक्ष, महापालिकेचा अग्निशमन विभाग, प्रादेशिक हवामान केंद्र. शिवाय राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी आणि राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय या दोन्ही संस्था नागपुरातच आहेत. इतकं सगळं शहरात असताना विद्यार्थ्यांना छापील चित्रं दाखवत बसणं बरोबर नव्हतं. पहिल्या पत्रात आम्ही एकदम पाच मागण्या केल्या: व्याख्यान, भेट, उपकरणं, परीक्षक, प्रमाणपत्र. एका कार्यालयात ते पत्र सात आठवडे या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं, कारण पाच मागण्यांसाठी पाच जणांची संमती हवी होती. नंतर एका पत्रात एकच मागणी, दोन पर्यायी तारखा, विद्यार्थिसंख्या आणि आमच्याकडच्या एकाच माणसाचा मोबाइल नंबर, असा नमुना केला. बहुतेक उत्तरं दहा ते पंधरा दिवसांत आली. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढची सगळी चौकशी त्याच क्रमांकावर होते.

वेळापत्रकाचं गणित तेव्हा चुकलं. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, १९ एप्रिलला नागपुरात मतदान झालं, आणि ज्या अधिकाऱ्यांना बोलवायचं होतं ते सगळे निवडणुकीच्या कामावर. ऑक्टोबरमध्ये विधानसभेमुळे पुन्हा तेच. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, त्यामुळे पोलिसांना वेळ नाही. नागपुरात बाहेरचे तज्ज्ञ हवे असतील तर जुलैचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य, किंवा जानेवारी-फेब्रुवारी. जोराच्या पावसाच्या दिवशी ऐनवेळी रद्द होणार हे धरूनच एक राखीव दिवस ठेवा.

अभ्यास मंडळाची बैठक मे २०२४ मध्ये झाली. पहिला आक्षेप होता, हे शिक्षण आहे की प्रशिक्षण? दुसरा, त्सुनामी आणि हिमस्खलन काढलं तर विषय अपुरा राहील. दुसऱ्याचं उत्तर पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये आपत्तीची जोखीम कमी करण्यावरच्या नवी दिल्लीतल्या आशियाई मंत्री परिषदेत मांडलेल्या दहा कलमी कार्यक्रमात सापडलं. आपत्ती विषयावर विद्यापीठांचं जाळं उभारावं आणि प्रत्येकानं आपल्या भागाला लागू पडणाऱ्या धोक्यांवर लक्ष द्यावं, किनाऱ्यावरच्यांनी किनाऱ्याच्या, डोंगरातल्यांनी डोंगराच्या, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. हे कलम प्रस्तावाच्या पहिल्या पानावर घातलं आणि तो आक्षेप मिटला. पहिल्या आक्षेपासाठी प्रत्येक प्रात्यक्षिकासमोर त्यामागचा सिद्धांत आणि तो तपासणारा प्रश्न लिहून दिला.

खरा तिढा तिसराच होता: कार्यभार. प्रात्यक्षिकाची तुकडी २० जणांची. ६० विद्यार्थी म्हणजे तीन तुकड्या, म्हणजे ३० तासांचे शिक्षकाचे ९० तास. ते कोणाच्या खात्यात मोजायचे, हे लेखी ठरल्याशिवाय प्रस्ताव पुढे पाठवू नका. आमचा प्रस्ताव याच एका ओळीसाठी परत आला आणि विद्वत परिषदेच्या, म्हणजे अभ्यासक्रमांना मंजुरी देणाऱ्या महाविद्यालयाच्या समितीच्या, जूनच्या बैठकीऐवजी ऑगस्टच्या बैठकीत मंजूर झाला. चौथी अट मंडळानं घातली आणि ती अगदी योग्य होती: विद्यार्थी कोणत्याही परिस्थितीत पुराच्या पाण्यात उतरणार नाही. पालकांच्या संमतिपत्रावर हे वाक्य ठळक छापलं. वाहतं पाणी वीतभर असलं तरी मोठ्या माणसाचा पाय उचलतं. आपल्या मुलांचं काम काठावरचं आहे: सांगणं, उठवणं, नोंद ठेवणं, दोर फेकणं.

साहित्याचा एकूण खर्च ४१ हजारांच्या आसपास आला. त्यातले अर्ध्याहून जास्त पैसे हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाच्या (सीपीआरच्या) सरावाच्या दोन पुतळ्यांना लागले. छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबली गेली की ‘टक्’ वाजणारा पुतळाच घ्या. मिनिटाला १०० ते १२० दाब देताना मुलं वेग पकडतात, पण खोली दोन मिनिटांत कमी होते आणि त्यांना ते कळत नाही. आवाज थांबला की माणूस बदलायचा.

आग विझवायच्या नळकांड्यांवर एक पैसाही लागला नाही. पावडरचं नळकांडं थोडंसं वापरलं तरी पुन्हा भरावंच लागतं, कारण झडपेत पावडर अडकून दाब हळूहळू निघून जातो. म्हणून आवारातल्या ज्या नळकांड्यांची भरण्याची तारीख जवळ आली होती तीच सरावाला घेतली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ठेकेदाराकडे दिली. वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं, ज्वाळेवर नाही तर बुडावर मारायचं. सहा किलोचं नळकांडं जेमतेम पंधरा सेकंद चालतं, हे हातात घेतल्यावरच पटतं.

दोराच्या बाबतीत पहिली खरेदी वाया गेली. दुकानदारानं मजबूत म्हणून नायलॉनचा दोर दिला. तो पाण्यात बुडतो. तरंगतो तो पॉलिप्रॉपिलीनचा, ८ ते १० मिलिमीटर जाडीचा, एका पिशवीत साधारण १५ ते २० मीटर. हा दोर कोपराभोवती गुंडाळून ठेवला की फेकताना हमखास गुंता होतो. तो पिशवीत वरून मूठमूठ कोंबत जायचा, एक टोक पिशवीच्या तळाला गाठलेलं, दुसरं फेकणाऱ्याच्या हातात. पिशवी बुडणाऱ्याच्या अंगावर नाही, त्याच्या पलीकडे टाकायची, म्हणजे दोर हाताशी येतो. कॉलेजच्या मैदानावर चुन्याची दोन मीटर रुंद पट्टी आखून पंधरा मीटरवरून सराव घेतला. तीनपैकी दोन फेका पट्टीत पडल्या की उत्तीर्ण.

जानेवारी २०२५ पासून वस्तीचं काम सुरू झालं. नाल्याकाठची एक गल्ली, चाळीस घरं, चार-चार विद्यार्थ्यांचे गट. पहिल्या आठवड्यात मुलं प्रश्नावली घेऊन गेली आणि ‘पाणी किती फूट आलं होतं?’ असं विचारत फिरली. शेजारशेजारच्या दोन घरांत एकीकडे दोन फूट आणि दुसरीकडे सहा. दुसऱ्या आठवड्यात प्रश्न बदलला: ‘मावशी, पाणी कशाला लागलं होतं?’

‘दिवाणावरच्या गादीले लागलं ना बापा. फ्रिज तं तरंगून आडवाच झाला. गॅसचा ओटा तेवढा वाचला.’

आता टेप लावायचा. गादी जमिनीपासून ५५ सेंटिमीटर, ओटा ८० सेंटिमीटर, म्हणजे पाणी या दोहोंच्या मधे. पुराची खूण रंगाखाली गेली तरी दिवाण, स्विचबोर्ड, ओटा, देवघर जागच्या जागी असतात. तीन घरांची उत्तरं अशी घेतली की गल्लीतली पाण्याची रेषा पाच-सात सेंटिमीटरच्या फरकानं जुळते.

त्यानंतर उंची मोजणं. मोबाइलमधली उंची कित्येक मीटर चुकते, गल्लीच्या कामाला ती निरुपयोगी. गवंड्याचा लेव्हल पाइप घ्या: पारदर्शक नळी, दहा मीटर, आत रंगीत पाणी. एक टोक या घराच्या उंबऱ्याशी, दुसरं पुढच्या घराशी. पाणी स्थिरावलं की दोन्हीकडच्या उंचीतला फरक पट्टीवर वाचायचा आणि तसंच पुढे सरकायचं. नळीत एक बुडबुडा राहिला तरी सगळं माप बिघडतं, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं आहे का ते बघायचं. या नळीनं एक मोठी चूक पकडली. निवारा म्हणून गटानं जी शाळा निवडली होती तिचा तळमजला गल्लीतल्या सर्वांत खालच्या घरापेक्षाही २० सेंटिमीटर खाली निघाला. डोळ्यांना ती उंच दिसायची, कारण समोरचा रस्ता चढाचा होता. निवारा बदलून पलीकडच्या सभागृहाच्या वरच्या मजल्यावर नेला आणि त्याची किल्ली रात्री कोणाकडे असते हे त्याच पानावर लिहिलं.

प्रत्येक गटाची बारा पानांची फाइल झाली. तिच्यात पाण्याची रेषा दाखवणारा नकाशा, उघड्या चेंबरच्या जागा, विजेचा डीपी बॉक्स, मदतीशिवाय हलू न शकणारी माणसं, निवाऱ्याची वाट, आणि कोण कोणाला उठवणार याची साखळी. मागच्या पानावर ११२, १०१, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.

इथे एक गंभीर चूक झाली. एका गटानं डायलिसिसवर असलेल्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांची नावं-पत्ते आजारासकट व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले. हेतू चांगला होता. तरी एखाद्या घरात एकटी म्हातारी बाई आहे ही माहिती गावभर होणं म्हणजे तिच्या सुरक्षिततेलाच धोका. संदेश काढला, त्या घरी जाऊन माफी मागितली आणि नियम केला: फाइलमध्ये नाव नाही, फक्त घर क्रमांक आणि ‘दोन माणसं उचलायला लागतील’ अशी गरज. आजाराचं नावही नाही. संमतीची सही मराठी कागदावर, वाचून दाखवल्यानंतर. एक प्रत महापालिकेच्या झोन कार्यालयात, एक गल्लीनं स्वतः निवडलेल्या व्यक्तीकडे. मोबाइलमध्ये प्रत ठेवायची नाही. हा नियम पहिल्याच दिवशी सांगायला हवा होता.

फोन-साखळीची चाचणी रविवारी पहाटे साडेपाचला घेतली, आठवडाभर आधी घरोघर सांगून. वीस मिनिटांत निम्म्याहून कमी घरं जागी झाली. फोन सायलेंटवर होते, चार्जिंगला दुसऱ्या खोलीत होते, आणि विद्यार्थ्यांचा अनोळखी नंबर कोणी उचलला नाही. साखळी उलटी केली. दर पाच घरांमागे त्याच गल्लीतले दोन जागते, शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं दार वाजवायचं, आणि ताट-पळीचा एक ठरलेला ठेका. दुसऱ्या चाचणीत चाळीसपैकी छत्तीस दारं उघडली. विद्यार्थ्यांचं काम साखळी बांधून देण्याचं आहे. तिच्यात कडी होण्याचं नाही, कारण तीन वर्षांनी ते पदवी घेऊन निघून जाणार आहेत.

परीक्षा ५० गुणांची ठेवली. २० लेखी, ३० प्रात्यक्षिक. लेखीत एकच प्रसंग दिला: रात्रीचे दोन, तासाला तीस मिलिमीटर पाऊस, नाला काठोकाठ, वीज चालू, गल्लीत एक गरोदर बाई आणि एक अंथरुणावरचे आजोबा. पहिल्या दहा मिनिटांत काय कराल, कोणत्या क्रमानं, आणि काय करणार नाही? ‘काय करणार नाही’ला पाच गुण. पाणी स्विचबोर्डला लागण्याआधी, कोरड्या जागी उभं राहून मेन स्विच बंद करण्याचा उल्लेख नसेल तर दोन गुण कमी. फाइलचे गुण झोन कार्यालयातल्या प्रतिनिधीनं आणि गल्लीतल्या दोन रहिवाशांनी मिळून दिले. बाहेरच्या माणसाला परीक्षक नेमायला परीक्षा विभागाची वेगळी मंजुरी लागते. ती तीन आठवडे आधी मागा. मानधन माणशी ३०० रुपये ठेवलं होतं.

पहिली तुकडी निघतानाच कायदा बदलला. आपत्ती व्यवस्थापन (सुधारणा) अधिनियम, २०२५ एप्रिलपासून लागू झाला. महापालिका असलेल्या शहरांत राज्य सरकार आता नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमू शकतं, अध्यक्षपदी महापालिका आयुक्त. ‘कोण काय करतं’ या तीन तासांच्या टिपणात त्यासाठी एक पान वाढवलं. उन्हाचा भाग पुढच्या वर्षी मार्चमध्ये घेणार आहोत. ऑगस्टात शिकवलेलं मे महिन्यापर्यंत हातातून गेलेलं असतं. आणि प्रत्येक फाइल जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तपासायची आहे: भाडेकरू बदलतात, सभागृहाची किल्ली दुसऱ्याकडे जाते, कुणीतरी अंगणात भिंत घालतं आणि पाण्याची वाट बदलते. त्या आठवड्यासाठी लेव्हल पाइप तयार ठेवा. काम झालं की पाणी काढून, आतून सुकवून टांगा. शेवाळ धरलं की पातळी दिसत नाही.